शेंगेला आचळ नसतं

माझ्या नावाला नाशिकच्या पंचवटीने दोन पदव्या जोडल्या. पहिली 'उपासमोड्या' आणि दुसरी 'बाळाच्या तोंडचं दूध पिणारा'. दोन्ही सोयाबीनमुळे मिळाल्या. पहिलीबद्दल मी भल्याभल्यांचे पाय धरले. दुसरीबद्दल आजवर कोणाची माफी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही. कोणाला प्रयत्न करून बघायचा असेल तर त्याने जरूर यावं. मी हल्ली घरीच असतो.

आमचं घराणं दुधाचं. पंचवटीत वडिलांची डेअरी होती. पुढे दुकान, मागे गोठा, आणि मधल्या बोळात वडील, म्हणजे आमचे दादा. जगाकडे बघायचा त्यांचा एकच चष्मा होता. कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचे गुडघे गेले, दादा एकच निदान करायचे, "लहानपणी दूध कमी पडलं." अशा माणसाच्या पोटी जन्माला येऊन, नव्वदच्या दशकात, सातपूरच्या बिस्किट कारखान्यातली बरी चाललेली नोकरी सोडून मी अंबडला गाळा घेतला आणि सोयाबीनचं दूध काढायला लागलो. ही बातमी दादांना सांगितली तेव्हा ते धार काढत होते. हात न थांबवता म्हणाले, "हळू बोल. म्हशीने ऐकलं तर आज कमी देईल."

ज्यांना ह्या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची, वाटायचं, गाळायचं आणि मग भरपूर उकळायचं. उकळण्यात कंजुषी केली तर पिणारा पोट धरून बसतो. मग बाटल्यांत भरून बुचं ठोकायची आणि त्या बाटल्या वाफेवर शिजवायच्या. ह्यातली खरी मेख वाटण्यात आहे. वाटायचं ते उकळत्या पाण्यात. गार पाण्यात वाटलं की असा काही कच्चट, उग्र वास सुटतो की विचारू नका. मला हे कळायला पहिला हंगाम गेला. त्या काळात आमच्या गाळ्यावरून जाणारे लोक नाकाला रुमाल लावायचे आणि शेजारच्या रंगाच्या कारखान्याकडे रागाने बघायचे. त्यांचा गैरसमज दूर करणं मला शेजारधर्माला धरून वाटलं नाही.

गाळून उरलेला चोथा मी दादांच्या गोठ्यात पाठवायचो. म्हशी तो मिटक्या मारत खायच्या आणि बादली भरून द्यायच्या. दादा ती बादली माझ्यासमोर आणून ठेवायचे. "बघ. सोयाबीनचं दूध होतं, नाही असं नाही. फक्त मधे म्हैस लागते."

विक्रीचं सगळं माझा बालमित्र वसंता बघायचा. बाटलीवर 'सोया दूध' असं छापायचं त्यानेच ठरवलं आणि मीही मान डोलावली. पहिली जाहिरात आम्ही श्रावणात केली, रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेबल मांडून. 'पौष्टिक सोया दूध. चव घ्या, मोफत.' वार कुठला ते बघायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. देवळातून परतणाऱ्या बायका थांबल्या. "दूध ना? मग चालतं की उपासाला," म्हणत प्यायल्या. शेजारणींना हाका मारून त्यांनाही पाजलं. मी हरखून गेलो. एक आजी ओठ पुसत म्हणाल्या, "गोड आहे रे. कुठल्या गाईचं?"

"गाय नाही आजी, शेंग! सोयाबीन!"

"सोयाबीन म्हणजे काय रे?"

"कडधान्य, आजी. ताकदीला डाळीच्या वरताण!"

आजींनी हातातला पेला टेबलावर आपटला.

"मुडद्या, श्रावणी सोमवारी डाळ पाजलीस होय रे?"

समोरून एक गुरुजी चालले होते. बायकांनी त्यांना अडवून निवाडा मागितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "अजाणता घडलं. तुम्हाला दोष नाही," म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवून, "ह्याला आहे." पुढच्या सोमवारी त्या सगळ्या घरांत दादांनी तांब्या तांब्या खरं दूध पोचवलं तेव्हा कुठे आम्हाला त्या रस्त्याने जाता येऊ लागलं.

भांडण सोयाबीनचं नाही, 'दूध' ह्या शब्दाचं आहे, हे त्याच दिवशी माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. पण डोकं कुठे रिकामं होतं? त्यात जाहिराती भरलेल्या होत्या.

एके दिवशी गंगापूर रोडच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा निरोप आला. मला वाटलं, सत्कार. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाईंच्या टेबलावर माझी बाटली ठेवलेली होती, पोलिसांनी पकडलेला मुद्देमाल ठेवतात तशी.

"हे तुम्ही बनवता?"

"हो!"

"गुलाबी का आहे?"

"मुलांना आवडतं."

"साखर किती घालता?"

"भरपूर!" मी छाती काढून सांगितलं.

पुढचा अर्धा तास मी छाती आत घेऊन ऐकत होतो. बाईंकडे सायली नावाची दीड वर्षाची मुलगी उपचाराला होती. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या माळ्यांची. अंगावरचं सुटल्यावर घरच्यांनी गाईचं दूध सुरू केलं तर अंगभर गांध्या, उलट्या, जुलाब. म्हशीचं दिलं तरी तेच. पोरीला प्राण्याचं दूधच सोसत नव्हतं, आणि घरात आजी दर आठवड्याला नवी गाय बदलून बघत होती. पोर वाळत चालली होती.

"मला हेच पेय बिनसाखरेचं, बिनरंगाचं हवंय," बाई म्हणाल्या. "कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मी सांगेन तशी घालून. जमेल?"

"जमेल. म्हणजे आमचं दूध..."

"दूध नाही. पातळ वरण म्हणा. बरं वरण आहे, मी नाकारत नाही. मोठ्या मुलाला इतर जेवणाबरोबर चालेल. सायलीलाही मी आधी इथे माझ्यासमोर चमचाभर देऊन बघणार, कारण काही मुलांना हेही सोसत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाला हे दुधाच्या जागी द्यायचं नाही. तिथे आईचंच. अगदीच नसेल तर आम्ही लिहून देतो ती तान्ह्या बाळांची पावडर. ती वेगळी आणि तुमची बाटली वेगळी. तान्हं पोर वरणावर वाढतं का?"

पहिल्याच भेटीत माझ्या आयुष्याच्या कामाला वरण म्हणणारी ही बाई मला अजिबात आवडली नाही. गाळ्यावर येऊन वसंताला म्हटलं, "तिला काय कळतंय." आणि मग बिनसाखरेची बाटली बनवायला घेतली, कारण तिला कळतंय हे मला कळलं होतं.

पहिल्या बाटल्या घेऊन मी स्वतः मखमलाबादला गेलो. ओसरीवर सायलीची आजी झेंडूच्या माळा ओवत बसली होती. यमुनाआजी. हातात सुई आणि जिभेला त्याहून बारीक टोक. तिची सून सुमन सायलीला कडेवर घेऊन दारात उभी. आजीने बाटली उन्हात धरली, हलवली, वास घेतला.

"ह्ये दूध?"

"सोयाबीनचं, आजी."

"शेंगंचं?"

"हो."

"शेंगंला आचळ आसतंय का रं?"

ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या. मला उत्तर सुचेना. आजी पुढे म्हणाली, "दावणीला दोन गाया हायेत माह्या. आन् माही नात शेंगंचं पानी पिनार? लोकं तोंडात शेन घालतील."

सुमनने सायलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ती हळूच म्हणाली, "घालू द्या की आत्याबाई. पोरीच्या पोटात तर काही राहील." सासूसमोर तिचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

आणि राहिलं. गांध्या गेल्या, जुलाब थांबले, सायली बाळसं धरायला लागली. खरं सांगायचं तर श्रेय एकट्या बाटलीचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नाचणी, वरण-भात, अंडं, भाज्या असा सगळा आहार आखून दिला होता आणि सुमन तो नेमाने करत होती. पण यमुनाआजीने सगळं श्रेय मला देऊन टाकलं. एकदा पटलं की ती अर्ध्यावर थांबणारी बाई नव्हती. फूलबाजारात माळांबरोबर ती माझी कीर्तीही विकायला लागली. "तुझी पोरगी किरकिरी हाय? शेंगंचं दूध दी. माही सायली बघ, भोपळा झालाय!" तिच्या सांगण्यावरून पंचवटीतल्या दुकानांत बाटल्या खपायला लागल्या. वसंता तर हवेतच होता. आजीच्या मांडीवर सायली असं चित्र बाटलीवर टाकायचं आणि खाली छापायचं 'बाळाचं दूध'. फोटो काढणारा माणूसही त्याने ठरवून टाकला. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐकलंस ना? तो म्हणाला, "बाटली दुकानात विकायचीय की दवाखान्यात?" आमचा हा वाद रोज जिथे सुरू व्हायचा तिथेच संपायचा.

त्याच वर्षी सुमनला मुलगा झाला. बारशाला मी जेवून आलो. पुढे दसरा तोंडावर आला आणि एका सकाळी यमुनाआजी रिक्षा करून थेट अंबडच्या गाळ्यावर हजर.

"भाऊ, आता रोज चार बाटल्या जास्तीच्या लागत्याल."

"का आजी? पाहुणे आलेत?"

"पाहुना नाय, मालक आलाय. बाळ्याला सुरू करते उद्यापासून. झेंडू तोडनीला आलाय, सुमन दिवसभर वावरात, मग बाजारात. अंगावर पाजायला येळ कुठंय तिला? वरचं द्यायचंच हाय, तर गाईचं कशापायी? म्हनलं, जे पोरीला लागू पडलं तेच पोराला."

मराठी घरात 'वरचं दूध' हा शब्द असा बोलला जातो की जणू वरून आलेलं काहीही त्यात बसतं. माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाईंचं वरण उभं राहिलं.

"आजी, नाही देणार."

"काय म्हनला?"

"बाळ किती लहान आहे. त्याला सुमनचं सोसतंय, अंगाला लागतंय. हे त्याच्यासाठी नाही. वर्षाच्या आत अजिबात नाही. वरचं द्यायची वेळ आलीच तर डॉक्टरीणबाईंना विचारा, मला नको."

"आरं, मंग सायलीला कसं दिलं?"

"सायली दीड वर्षाची होती. पोळीभाजी खात होती. तिला दूध चालत नव्हतं. ह्याचं काय अडलंय?"

आजी लाल झाली. "पोरीला चालतंय आन् पोराला नाय? वंशाच्या दिव्याला नाय म्हनतो व्हय? ज्या हातानं मी तुला गिऱ्हाईक आनलं..." ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "तू नको दिऊ. दुकानात मिळतंय. तुझ्याच बाटलीवर दूध लिव्हलंय की न्हाई?"

लिहिलं होतं. गुलाबाच्या फुलाखाली, ठळक अक्षरांत.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्या नाशिकबाहेर. मग काय शहाणपणा सुचावा? स्कूटर काढली आणि दुकानं पालथी घातली. पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, दिंडोरी नाका. जिथे जिथे माझी बाटली होती तिथून ती उचलली. सायलीच्या रोजच्या बाटल्या सुमन मोजून कुलपात ठेवायची, तेव्हा धोका दुकानांचाच होता. स्वतःचाच माल स्वतः विकत घेणारा नाशिकमधला बहुधा मी पहिला आणि शेवटचा कारखानदार.

कारंजावरचा दुकानदार घाबरून म्हणाला, "माल खराब निघाला का साहेब?"

"माल चांगलाय. नाव खराब आहे."

"म्हणजे?"

"दूध."

त्याने बायकोकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मागाहून वसंता आलाच. "अरे, सणाचा हंगाम! हा काय गाढवपणा लावलास?" स्कूटर सुरू करता करता मी त्याला म्हटलं, "बाळाचं दूध छापणार होतास ना? त्या बाळाकडेच निघालोय."

मखमलाबादला पोचलो तर शेवटच्या दुकानातली शेवटची बाटली माझ्याआधी तिथे पोचलेली. ओसरीवर झेंडूचे ढीग लागले होते. त्यात मांडी घालून यमुनाआजी बसली होती, मांडीवर बाळ भोकाड पसरून रडतंय, आणि हातात तान्ह्यांना पाजायचं चांदीचं बोंडलं. बोंडल्यात माझं सोयाबीन. आजीने मला बघितलं आणि मुद्दाम, माझ्या डोळ्यांत बघत, बोंडल्याची चोच बाळाच्या ओठाकडे नेली.

ह्या क्षणाबद्दल मी पुष्कळदा विचार केलाय. समजावून सांगता आलं असतं. हात जोडता आले असते. एखादा भारदस्त माणूस खणखणीत आवाजात "थांबा" म्हणाला असता. मी झेंडूत पाय घसरून आजीपुढे गुडघ्यांवर पडलो, तिच्या हातातलं बोंडलं हिसकावलं, आणि आता ह्याचं करायचं काय हे न सुचून ते तोंडाला लावून घटाघटा पिऊन टाकलं.

बाळ रडायचं थांबलं. बाळाने इतका मोठा माणूस बोंडल्याने पिताना पहिल्यांदाच पाहिला असावा.

"आगं बया!" यमुनाआजी ओरडली. "पोराच्या तोंडचं दूध पिला! समद्यांनी बघा, ह्या बाप्यानं तान्ह्या पोराच्या तोंडचं दूध पिलं!"

माझ्या मिशीवरून सोयाबीन ओघळत होतं. गुडघ्यांना झेंडू चिकटलेला. आणि तशाच अवतारात मला ते उत्तर सुचलं, जे पहिल्या भेटीत सुचलं नव्हतं.

"दूध नाही आजी ते! तुम्हीच म्हणाला होतात. शेंगेला आचळ असतं का?"

आजीचं स्वतःचंच वाक्य तिच्यासमोर येऊन उभं होतं आणि त्याला घरात घ्यावं की हाकलावं हे तिला कळेना.

आरडाओरडा ऐकून सुमन वावरातून धावत आली. डोक्याला टॉवेल, हात झेंडूने पिवळे. तिने छातीशी पदर आवळून धरला होता आणि तो पदर भिजून ओला झाला होता. मी मान वळवली, पण जे दिसायचं ते सगळ्यांना दिसलं. ह्या घरात दुधाला तोटा नव्हता. दूध वावरात होतं, बाळ ओसरीत होतं आणि मधे फक्त झेंडू होता.

सुमनने काही विचारलं नाही. बाळ उचललं आणि आत गेली. जाता जाता उंबऱ्यावरून म्हणाली, "उद्यापासून झोळी बांधाच्या लिंबाला बांधते. बाळ वावरात येईल. आत्याबाई, तुम्ही झोका द्याल की मी तोडणीला गडी सांगू?"

आतून रडण्याऐवजी चुटुचुटु आवाज यायला लागला. आजीने त्या आवाजाकडे कान लावला. मग माझ्याकडे न बघता पुटपुटली, "गडी कशाला. मी काय मेले का?" आणि बोंडलं माझ्या हातातून ओढून घेत, "दी इकडं. उष्टं करून ठिवलं, मेल्यानं."

दुसऱ्या दिवशी मी वसंताला सांगितलं, बाटलीवर नवीन मजकूर छापायचा. 'सोयाबीनचे पेय. हे दूध नाही. एक वर्षाच्या आतील बाळास देऊ नये.' वसंताने तो कागद दोनदा वाचला. "अरे, असं कोण लिहितं? सोनाराने दारावर पाटी लावावी का, हे सोनं नाही म्हणून?"

"सोनं विकत नसेल तर लावावी."

"धंदा बसेल."

"बसू दे. उभा राहून तरी त्याने काय दिवे लावले?"

वसंताचं खरं ठरलं. खप उतरला तो चढलाच नाही. वसंता गेला, रुसून नाही, कपाळावर हात मारून. आजही सकाळी आम्ही चहा एकत्र पितो आणि तो रोज एकदा तरी म्हणतो, "चित्र फार गोड आलं असतं रे." दादांनी मात्र नवी बाटली गोठ्यात नेऊन उजेडात धरली, मजकूर वाचला आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलंस? पोरगं खरं बोलायला लागलं." माझ्या धंद्याबद्दल त्यांनी काढलेला हा एकमेव चांगला शब्द, आणि तोही म्हशीपाशी.

माझं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईकही टिकलं नाही. सायली शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं, आपल्या देखरेखीखाली थोडं थोडं दूध देऊन बघितलं, आणि तिला ते सोसायला लागलं. पुष्कळ मुलांचं असंच होतं म्हणे. त्या आनंदात यमुनाआजीने मला पेढे पाठवले. खव्याचे. सोबत निरोप, "खाऊन बघ, खरं दूध कसं आसतंय."

दोन हजारनंतर काही वर्षांनी गाळा बंद केला. आता कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानांत बदामाचं, ओटचं, नारळाचं, कसलंकसलं 'दूध' चकचकीत खोक्यांत मिळतं. मोठ्यांनी खुशाल प्यावं. ज्या लहानग्याला खरंच गरज आहे त्याला डॉक्टरला विचारून द्यावं. गवळ्याचा मुलगा असून सांगतो, त्यात कमीपणा नाही. 'दुधाशिवाय पोर वाढतं का' म्हणणाऱ्यांना मी सायली दाखवतो. पण खोक्यावर गुटगुटीत बाळ बघून कोणी तान्ह्यासाठी हात घातला तर मी दुकानातसुद्धा गप्प बसत नाही. परवा एका तरुण मॅनेजरने मला अदबीने बाहेर नेलं. "काका, तुमचा प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, "आचळ."

सायलीचा भाऊ आता दिंडोरी रोडला फुलांचं दुकान चालवतो. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा उंच. आजी होती तोवर त्याला माझी ओळख एकाच वाक्यात करून द्यायची, चारचौघांत, मुद्दाम मोठ्याने, "ह्योच त्यो. तुझ्या तोंडचं दूध पिलेला." त्याने ते नाव उचललं. गेल्या दसऱ्याला झेंडू घ्यायला गेलो तर गर्दीतून ओरडला, "या काका! माझं दूध प्यायला होतात ना तुम्ही?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"प्यायलो होतो," मी म्हटलं. "आणि तुला पोर होईल तेव्हा बोंडलं लपवून ठेव. त्याचंही पिईन."